चुन्यात गूळ, गुळात हिरडा आन् हिरड्यात मी

सासुरवाडीत राहनाऱ्या जवायाची किंमत घरातल्या मांजरीपेक्षा थोडी कमीच असते. मांजर निदान उंदरं धरते. मी लगन झाल्यावर बायकोच्या गावी राह्याले आलो, आंध्रात बोथच्या बाजूले, कारन माझ्या घरी भाऊ चार आन् खोली एक. इकडं सासूले पोरगी एकच, सासरा वारलेला, वावर करनारं कोनी नाई. सासूले वाटलं, चला, घरात एक मानूस आला. मंग तिनं मले वखरामागं चालताना पायलं. त्या दिवशी ती बायकोले म्हने, "बैल बरे चालून राह्यले व, त्याइले रस्ता ठाऊक हाय म्हनून."

माझी सासू साधी बाई नवती. त्या दिवसांत सगळ्या आंध्रात बाया दारूबंदीच्या मागं लागल्या होत्या, आन् आमच्या गावात सगळ्यात पुढं ती. महिला मंडळाची पुढारीन. त्याइची रीत ठरलेली होती. कोठी वास आला का ताटं आन् पळ्या घेऊन निघायचं, ताटं वाजवत जायाचं, दारूची मडकी फोडायची, आन् गाळनारा सापडला का गळ्यात चपलांची माळ घालून गाढवावर उलटा बसवायचा. असे दोघं-तिघं गावभर फिरले आन् गावातली दारू गेली. मी दारू पेत नवतो. हे काही चांगलेपन नवतं, मले वासानंच उलटी येते. पन जवायाच्या अंगात एक तरी गुन हाय, असं सासू मंडळात सांगे, आन् तो हाच.

आता घरात चूल एक आन् बाया दोन. सासू म्हने वरनात मीठ कमी, बायको म्हने वरनात मीठ बरोबर, आन् मले इचारलं का मी म्हनो, कोनतं वरन? मंग दोघी मिळून मले बोलत. बायकोचं एकच म्हननं होतं: आपली वेगळी चूल पाह्यजे. छोटी का असेना, एक खोली, आपली. सासूजवळ गावाच्या कडेले मोकळी जागा होती. बायकोनं मागतली. सासू म्हने, "जागा देतो. पन त्यावर घर बांधन कोन? जवाई?"

याले कारन होतं. मी एकदा कोंबडीचं खुराडं बांधलतं. ते पडलं. कोंबडी वाचली, कारन ती माझ्यापेक्षा हुशार होती, आत गेलीच नवती.

त्याच उनाळ्यात मंडळाले खोली बांधायची ठरली. बाया बसाच्या कोठी, तं चावडीत मानसं बसत, देवळात भजन चाले, म्हनून बाया झाडाखाली बसत. हैदराबादची एक संस्था खोली बांधून देतो म्हने, आन् त्याइनं एक इंजिनेर बाई धाडली. तरनी पोरगी, डोकस्याले रुमाल बांधलेला, बोली आपल्या बोथच्या बाजारातल्या सारखी. तिनं मंडळाच्या बैठकीत सांगतलं, "सिमेंट नक्को, लोहा नक्को, पत्रे नक्को. बैलगाडी सुबू निकलके शाम कू घर आ जाना, उत्ता दूर का माल होना. जंगल खराब नई करना, बाहर से लाना बी नई."

मी बैठकीत कसा, तं बायकोले जेवाले वाढ म्हनाले गेलतो. बाईनं इचारलं, इधर के नाले, मिट्टी, पत्थर कोन जानता? सासूनं माझ्याकडं बोट केलं. "हे आमचे जवाई. दिवसभर फिरतेच. काम काहीच नाई, म्हनून सगळे रस्ते पाठ हाय."

बाया हसल्या. पन मंग सासू सगळ्यायच्या म्होरं बोलली, आन् बायकोनं ते नीट ऐकून घेतलं: "पावसाच्या आत यायनं ही खोली उभी करून दाखवली, आन् ती उभी राह्यली, तं मी माझी जागा देतो. नाई तं चूल एकच."

तवा मले कळलं का माझ्या बायकोची चूल आता माझ्या हातात हाय. बायकोलेही कळलं. तिचं तोंड उतरलं.

बाईनं पयले चुना मागतला. मी म्हनलं, हे तं सोपं हाय. गावात पानाचा ठेला एक, शेजारच्या गावायत दोन. मी सगळ्या ठेल्यायवरचा चुना उचलला, डब्या, पुड्या, मातीच्या बोळक्यातला, सगळा. तीन गावांतले पान खानारे त्या दिवशी सुकं पान चावून राह्यले होते आन् माझ्या नावानं थुंकून राह्यले होते. मी डब्या बाईच्या म्होरं मांडल्या. तिनं एक डबी उघडली, बोटाले लावून पायलं. म्हने, "भाई, चुना तो अच्छा है. पर दीवार कू पान नई खिलाना है."

मंग तिनं मले चुनखडीचे खडे दाखवले, जे आपल्या नाल्यात पडलेले असतात आन् ज्याले मी लहानपनापासून ठोकर खात आलो. ते भाजायचे, पानी टाकून इझवायचे, का झाला चुना. ते मी आनले. भाजताना भुवया गेल्या, पन चुना झाला.

मंग माती. बाई म्हने, उधईच्या वारुळाची माती सगळ्यात चांगली, चिकट, पक्की. मले वारूळ ठाऊक होतं. वावराच्या धुऱ्यावर मानसाएवढं मोठं. मी टिकास घेतली आन् अर्धं उतरवलं. घामानं भिजलो, अंगात जोर आला, वाटलं आज आपन खरंच काम करून राह्यलो. तेवढ्यात मांगून आवाज आला, "जवाईबापू."

सासू उभी होती. मांग पाच-सहा बाया, डोकस्यावर तेंदूपत्त्याचे गठ्ठे. मंग शेजारची एक म्हातारी हळूच म्हने, "पंचमीले आता दूध कोनाले पाजाचं व? जवायाले?"

ते बायायचं नागपंचमीचं वारूळ होतं. सगळं गाव दरसाल तिथंच पूजा करे. मी दोन वरसं त्याच गावात राहून राह्यलो होतो, प्रसाद खात होतो, पन प्रसाद कोठून येतो हे कधी पायलं नाई. मले सगळी माती परत लावाले लावली. बाईनं मंग दुसरं, कोनाच्याच पूजेत नसलेलं वारूळ दाखवलं. माझं लावलेलं वारूळ उधईले पसंत पडलं नाई. उधईनंच ते पाडून आपल्या हातानं नवं बांधलं, आन् खरं सांगतो, माझ्यापेक्षा सरळ.

घरी बायकोनं भाकरी जोरात थापली.

तरी भिंती उठाले लागल्या. पाया दगडाचा, वरती मातीच्या भिंती, आन् कोपरे, दारं, खिडक्या न् वरचा लेप चुन्याचा. लेपाची येळ आली तवा बाईनं मले बाजूले घेतलं. म्हने, नुसता चुना पानी धरत नाई. त्यात गूळ आन् हिरडा लागतो. हिरडे कुटायचे, काळ्या गुळासंगं पान्यात टाकायचे, मोठ्या रांजनात भिजू द्यायचे, रोज ढवळायचे. फेस आला, आंबूस वास सुटला का ते पानी चुन्यात घालून कुटायचं. जुन्या किल्ल्यायच्या भिंती अशाच उभ्या हाय म्हने. हे सांगून बाई हैदराबादले गेली, आठेक दिवसांत येतो म्हने. बाया सगळ्या पहाटेच जंगलात तेंदूपत्ता तोडाले जात, म्हनून हे ऐकाले मीच एकटा होतो.

इथं कोनी शहाना असता तं घरी जाऊन सासूले सांगतलं असतं. मी इचार केला. चुन्याच्या येळी सगळ्यायले आधी सांगतलं, हसले. वारुळाच्या येळी सगळ्यायच्या म्होरं खोदलं, हसले. आता कोनाले सांगायचंच नाई. तयार झालं का सासूच्या म्होरं नेऊन ठेवायचं आन् म्हनायचं, घ्या.

बोथच्या बाजारात काळा गूळ मागतला. दुकानदारानं मले वरून खाली पायलं.

"कित्ता होना?"

"एक पोतं."

"कायकू?"

"दीवार के वास्ते."

"हौ," तो म्हने, "सब दीवार के वास्तेच ले जाते." आन् डोळा मारला. मलेही वाटलं रीत असन, म्या बी मारला.

तवा काळा गूळ म्हंजे हातभट्टीचा माल, आबकारीवाले त्यावर डोळा ठेवून असत. हे मले दुकानाबाहेर आल्यावर आठवलं. म्हनून मी पोतं गाडीत टाकलं आन् वरून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या. रस्त्यात आबकारीचा जवान झाडाखाली बसलेला. त्यानं माझ्याकडं पायलंही नाई. पन माझंच तोंड खाजलं. गाडी थांबवून म्हनलं, "नमस्ते सार. गाडीत काहीच नाई."

त्यानं मान वर केली. "किसने पूछा?"

"कोनी नाई सार. म्याच सांगून राह्यलो. नुसत्या पऱ्हाट्या हाय."

त्यानं हातानंच वाट दाखवली. मंग म्हने, "जा बाबा." त्याच्या तोंडावर असं होतं का असा धंदा करनारा मानूस इतका येडा असूच शकत नाई.

आता रांजन कोठी ठेवायचे? उनाळा, उन्हात रांजन तडकतात. सावली पाह्यजे, पानी जवळ पाह्यजे. नाल्याकाठी पळसाची झाडी होती, खाली वली रेती. मी रांजन गळ्यापर्यंत रेतीत पुरले, वर पळसाची पानं, पानायवर फडकं, फडक्यावर दगड. लय गार, लय झाक जागा. दारू गाळनाऱ्यायलेही ती जागा अशीच झाक वाटे हे मले आठवलंच नाई. ढवळाले एक लांब काडी कापली. बाया पहाटे जंगलात गेल्या का मी नाल्यात, त्या घरी येऊन निजल्या का मी पुन्हा नाल्यात.

बायकोनं एकदा इचारलं, "कोठी जाता?"

"कामाले."

"तुमी?" ती म्हने, आन् माझ्या सदऱ्याचा वास घेतला. "हा कशाचा वास?"

"कामाचा."

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जवायाले बलावतात, धोतर देतात, पुरनाचे धोंडे आन् अनारसे खाऊ घालतात. घरोघरचे जवाई टोप्या घालून मोटारीनं येऊन राह्यले होते. मी काही मोटारीनं येत नवतो, मी गोठ्यातून येत होतो, म्हनून माझी आठवन कोनाले येईना. बायकोनं आईले चार येळा ऐकवलं. शेवटी सासू म्हने, "बरं व बाई. असला तरी जवाईच हाय." दिवस ठरला. सकाळपासून घरात पुरनाचा घमघमाट. मले नवं धोतर दिलं, नेसून ये म्हने, तवरोक पान वाढतो.

धोतर नेसलो आन् मनात आलं, जेवल्यावर झोप येईल, पयले रांजन ढवळून यावं.

नाल्यात पोचलो. फेस दाटून आलता, वर बुडबुडे, वास असा का डोळ्यांत पानी. बाई म्हने तसंच. मी खुश. धोतराचा काचा मारला, काडी घेतली आन् ढवळाले लागलो. तोंडानं गानंही म्हनत होतो. तेवढ्यात ताटं वाजाले लागली.

कोनी तरी बाई त्या दिवशी नाल्याच्या वाटेनं आलती आन् तिले वास लागला होता. तिनं मंडळ जमवलं. आता मंडळ जमलं का पुढारीन पुढं पाह्यजे. सासू चुलीवरून उठून आली, हाताले पुरन तसंच. धोंडे माझ्यासाठी, आन् त्याच हातात पळी माझ्यासाठी, पन हे तिले ठाऊक नवतं. पळसाची फांदी बाजूले सारली आन् समोर पायते तं नव्या धोतरात जवाई, हातात काडी, तोंडात गानं.

ताटं थांबली.

"जवाईबापू," सासू म्हने, "हे काय व्हय?"

"भिंत व्हय, मामी."

"भिंत?"

"अजून पातळ हाय."

एका बाईनं रांजनात नाक घातलं आन् एकदम मागं सरली. "गुळाची हाय. पक्की."

"गूळ हायच," मी म्हनलं. "हिरडा बी हाय. बाईनं सांगतलं. फेस येऊ दे म्हने."

"कोनत्या बाईनं?"

"हैदराबादच्या."

"ती हैदराबादले गेली ना?"

"म्हनून तं मी एकटाच करून राह्यलो."

माझ्या तोंडातून जे निघे ते माझ्याच गळ्यात पडे. सासूचं तोंड कसं झालं ते आताही डोळ्यापुढं येते. राग नवता. आख्ख्या गावात जिनं दारू बंद केली, तिच्याच घरातून दारू निघाली. तिनं पळी उचलली आन् पयला रांजन तिनंच फोडला. मंग बायायनं बाकीचे. माझी इतक्या दिवसांची ढवळन रेतीत गेली, आन् रेती फेसाळली.

फक्त एक छोटं मडकं भरून बाजूले ठेवलं होतं, पुराव्यासाठी.

मंग सजा. चपलांची माळ कराले येळ लागला नाई, पन गाढव आनाले गेलेली बाई हात हालवत परत आली. गावात गाढव एकच, कुंभाराचं, आन् ते रेती वाहाले गेलं होतं. कोनी नेलं? मीच लावलतं, मंडळाच्या खोलीसाठी.

"रेडा आना," एक म्हने.

"थांबा व," शेजारची म्हातारी म्हने. "धोंड्याचा महिना हाय. या महिन्यात जवायाच्या पाया पडतात. रेड्यावर बसवलं तं पाप कोनाले लागन?"

यावर बायायमंदी वाद सुरू झाला. एक म्हने, महिना सरल्यावर बसवू. दुसरी म्हने, तवरोक हा पुन्हा गाळन. तिसरी म्हने, पाया पडू आन् मंग बसवू. मी मंदात माळ घालून उभा. खरं सांगतो, ती तिसरी बाई मले लय समजदार वाटली.

तवा बायको आली. धावत, घामाघूम. तिनं मले पायलं, माळ पायली, रांजनाची खापरं पायली. ती रडली नाई. ती म्हने, "गेली माझी चूल."

एवढंच. ते मले पळीपेक्षा जास्त लागलं. मी म्हनलं, "मामी, मी आजवर पेलो नाई हे तुमालेच ठाऊक हाय. दारू असन तं मले चढन. द्या ते मडकं, सगळ्यायच्या म्होरं पेतो."

सासूनं मडकं म्होरं सारलं. मंग म्हने, "प्या. चढली तं महिना नाई पाहनार. रेडा."

पेला मोठा होता. मी डोळे मिटले, नाक दाबलं आन् ओतलं. चव कशी सांगू? जोड्याचं चामडं गुळात बुडवून चावल्यासारखी. जीभ आत वळली. पन मी सरळ उभा राह्यलो, हात बाजूले, धोतर नीट. बाया जवळ येऊन डोळे पाहत. "बोला," एक म्हने. मी म्हनलं, "नमस्कार." "एका पायावर उभे राहा." राह्यलो. बायकोच्या तोंडावर थोडा रंग आला. मले वाटलं, जितलो.

तेवढ्यात पोटात काही तरी सरकलं.

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर आलो. मंग परत पयल्यावर. मंग दोन्ही पाय जवळ घेतले.

"पाहा," ती नाक घालनारी बाई म्हने. "डुलून राह्यला."

"डुलून नाई राह्यलो," मी म्हनलं.

"घाम आला त्याले. पाय लटपटले. चढली."

"मामी," मी म्हनलं, "मी आलोच."

आन् धावलो. माळेसकट. गावाच्या कडेले सासूची मोकळी जागा होती, मंदात चढ, मांग बोराटीची झुडपं, पळसाच्या झाडीत बाया उभ्या, म्हनून तेच सगळ्यात जवळ. मांगून आरडाओरड, पळाला, धरा. चार बाया ताटं घेऊन मांग लागल्या. बोराटीपर्यंत आल्या, आन् जशा आल्या तशा, ताट न वाजवता, परत गेल्या.

मांग तिथं काय झालं ते मले मंग बायकोनं सांगतलं. सासूनं मडकं उचललं, बोट बुडवलं, चाटलं. मंग पुन्हा चाटलं. आन् म्हने, "हा तं हिरडा हाय व. हा मी गावातल्या सगळ्या पोट्ट्यायले घुटीत उगाळून देतो. पोट साफ व्हाले."

"ते हेच तं सांगून राह्यले होते," बायको म्हने.

"लेकराले उगाळून देतात तं सहानीवर दोन येढे," सासू म्हने. "यानं पेलाभर पेला."

पयले म्हातारी हसली म्हने, आन् मंग सगळ्या.

मी परत आलो तं जेवन तयार होतं. सासूनं पाट मांडला, रांगोळी काढली, धोंडे, अनारसे, तूप. माझ्या पाया पडली. मी पाटावर बसलो, एक धोंडा उचलला, तोंडापर्यंत नेला आन् उठून धावलो. परत आलो, बसलो, उचलला, धावलो. शेवटी मंडळातल्या बायायनं ते धोंडे खाल्ले. चांगले झालते म्हने. मले ताक आन् भात दिला, तोही टिकला नाई. दोन-तीन दिवस मी घर आन् बोराटी, बोराटी आन् घर. गावातले लोक मले तांब्या घेऊन जाताना पाहत आन् रामराम घालायचं सोडून रस्ता देत.

बाई हैदराबादून आली. "गुड का पानी किधर?"

मी सासूकडं पायलं. सासूनं खाली पायलं. मंग म्हने, "आमी फोडलं. आमीच भरू."

आता पाऊस जवळ होता. बाई म्हने, लेप नाई झाला तं पयल्या महिन्यातच भिंती खाली येतील. मले वाटलं, झालं, खोली नाई तं जागा नाई, जागा नाई तं चूल नाई. पन सासूनं सगळं मंडळ गोळा केलं आन् बोथच्या बाजारात गेली. काळा गूळ डोकस्यावर, उघडा, एकीच्या मांग एक. आबकारीचा तोच जवान समोर आला. इतक्या बाया, तोंडानं दारूबंदी आन् डोकस्यावर काळा गूळ, त्याले काही समजेना.

"ये क्या है अम्मा?"

"भिंत हाय," सासू म्हने.

तो हसाले लागला. सासू थांबली. "भरोसा नाई? आमच्या गावात ये, पेलाभर पाजतो. आमचे जवाई पेले. त्याइले इचार."

त्याची नजर माझ्यावर पडली. मी मांग होतो, तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले, एक हात पोटावर. तो म्हने, "ये तो वोईच है, पऱ्हाटीवाला." आन् बाजूले झाला.

हिरडे बायायनं जंगलातून आनले, कारन मी आनतो म्हनलं तं सगळ्या एकदम "नको" म्हनल्या. नवे रांजन मंडळाच्या झाडाखालीच, भर गावात ठेवले. रोज एक बाई ढवळे. ताटं वाजवायच्या पळ्यायनंच ढवळत. मले फक्त चुना कुटाले लावलं, आन् तोही बाईच्या नजरेखाली. कुटता कुटता माझ्या हाताची सालं निघाली, पन चुना असा चिकट झाला का उलथन्यावरून पडेना. बाईनं लेपावर पानी मारून पायलं, पानी वरूनच घसरून गेलं. ती खुश. म्हने, "देखो, बाहर से एक पैसे का माल नई लाना पडा." सासू माझ्याकडं पाहून म्हने, "जवाई बी घरचेच."

वर कवेलूचं छप्पर चढलं, खोली पावसाच्या आत उभी राह्यली. उभीच राह्यली. मी रोज जाऊन हात लावून पाहो.

मंडळाची पयली बैठक नव्या खोलीत भरली. मले आत बलावलं, हे पयलीच येळ. बायको दाराजवळ बसलेली. सासू म्हने, "मी बोलली होती. खोली उभी हाय. जागा देतो." बायकोनं पदर डोळ्याले लावला. मी छाती काढली, जास्त नाई, पोट अजून नाजूक होतं.

मंग सगळ्या उठल्या आन् जागा दाखवाले निघाल्या. सासू पुढं, हातात काठी. मोकळ्या जागेत चांगला सपाट भाग होता, विहिरीकडचा. मी तिकडं पाय टाकला. सासू सरळ चढ चढली आन् बोराटीजवळ जाऊन काठीनं रेघ ओढली.

"इथी," ती म्हने.

"मामी," मी म्हनलं, "तो सपाट भाग..."

"त्यात मी मिरच्या लावनार हाय. आन् जागा तुमीच पसंत केली ना? दोन-तीन दिवस दुसरीकडं कोठी पाय नाई वळला तुमचा."

बाया तोंडाले पदर लावून हसाले लागल्या. शेजारची म्हातारी खाली वाकली, चिमूटभर माती उचलली, चोळून पायली आन् म्हने, "जमीन मातर तयार हाय बाई. खत तं जवायानंच घातलं."

मी बायकोकडं पायलं. म्हनलं, आता ही तरी माझ्या बाजूनं बोलन. ती रेघेच्या आत गेली, इकडून तिकडं चालली, एका कोपऱ्यात खाली बसली आन् हातानं जागा साफ कराले लागली, तीन दगड मांडाएवढी.

"अवो," ती म्हने, "पाहत काय राह्यले? माती आना. आन् आनायच्या आधी वारूळ कोनाचं हाय ते इचारून घ्या."